एका रबरी नळीचा प्रशासकीय इतिहास

२०११ च्या हिवाळ्यात, उत्तर भारतातील एका जिल्ह्यात नेमणुकीवर असताना, पीयूसी केंद्रांची अचानक तपासणी करण्याचे काम काही दिवस माझ्याकडे आले होते. महामार्गालगतच्या एका केंद्रावर आम्ही पोहोचलो तेव्हा एका तरुणाच्या मोटारसायकलीची चाचणी चालू होती. सायलेन्सरमध्ये नळी घातलेली, यंत्रावर आकडे स्थिरावलेले आणि प्रमाणपत्र छापून बाहेर येत असलेले. सगळे नियमाप्रमाणे होते. माझे लक्ष मात्र गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेले. इंजिनाच्या वरच्या भागातून निघालेली बोटभर जाडीची एक रबरी नळी मागच्या चाकाजवळ मोकळी सोडलेली होती. तिच्या तोंडातून निळसर वाफेचे झोत ठेक्यात बाहेर पडत होते आणि खाली जमिनीवर काळ्या तेलाचा रुपयाएवढा डाग पडला होता.

मी केंद्रचालकाला विचारले, "हे काय आहे?" तो नम्रपणे म्हणाला, "साहेब, मशीन फक्त सायलेन्सर बघते."

त्याचे उत्तर अचूक होते. नियमाने त्याला जेवढे पाहायला सांगितले होते तेवढे त्याने पाहिले होते. पण त्या उत्तरामुळे मी पुढे कित्येक महिने या नळीच्या मागे लागलो. तिचा इतिहास पाहू लागलो तेव्हा आपल्या वाहनप्रदूषण-नियंत्रणाचा सगळा इतिहासच तिच्या आधाराने सांगता येईल असे वाटू लागले.

आधी यंत्राविषयी थोडे. चार-स्ट्रोक इंजिनात इंधनाचा स्फोट पिस्टनच्या वरच्या बाजूला होतो. पिस्टनभोवतीच्या रिंगा कितीही घट्ट असल्या तरी त्या स्फोटातील थोडा वायू फटीतून खाली निसटतोच. खाली क्रँकशाफ्ट आणि तेल असलेला बंद कोष असतो, त्याला क्रँककेस म्हणतात. निसटलेल्या वायूत न जळालेले पेट्रोल असते, पाण्याची वाफ असते, आणि त्यात तेलाचे सूक्ष्म तुषार मिसळतात. एक-सिलिंडरच्या इंजिनात प्रश्न अधिक अवघड होतो. साडेतीनशे सीसीचा पिस्टन खाली आला की क्रँककेसमधली जागा तेवढ्याच साडेतीनशे सीसीने आक्रसते, वर गेला की तेवढीच वाढते, आणि हे मिनिटाला हजारो वेळा चालते. हा दाब बाहेर काढला नाही तर तो सील फोडून, गॅस्केट ढकलून स्वतःच वाट काढतो. म्हणून इंजिनाला श्वास सोडण्यासाठी एक नळी द्यावी लागते. गॅरेजमध्ये तिला ब्रीदर पाइप म्हणतात.

ही नळी सोडायची कुठे? फार वर्षे उत्तर सोपे होते : हवेत. मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे १९५५ पासून इंग्लंडच्या रॉयल एन्फील्डच्या सहकार्याने तयार होऊ लागलेल्या बुलेटच्या जुन्या, ओतीव लोखंडी सिलिंडरच्या इंजिनात ब्रीदरच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखी एक रबरी झडप असे. पिस्टन खाली आला की चोच उघडे आणि हवा बाहेर पडे, वर गेला की मिटे. त्यामुळे क्रँककेसमध्ये किंचित निर्वात राही आणि तेल गळायचे थांबे. निदान पुस्तकात तरी. ज्यांनी जुनी बुलेट चालवली आहे ते या वाक्यावर हसतील. चोच कडक झाली, चिरली की गाडी जिथे उभी राहील तिथे तेलाची सही करून जाई. म्हणून मालक लोक ती नळी लांब करीत, तिच्या टोकाला औषधाची रिकामी बाटली बांधीत, कोणी ती पार नंबरप्लेटपर्यंत नेत. आज ज्याला आपण इंजिनातील फेरफार म्हणतो, तो त्या काळी घरगुती देखभालीचा भाग होता. त्यात कोणाला काही गैर वाटत नव्हते, आणि कायद्यालाही नाही.

गैर वाटण्याची सुरुवात दूर लॉस एंजेलिसमध्ये झाली. तिथल्या डोळे झोंबवणाऱ्या धुरक्याचे कोडे १९५० च्या दशकाच्या आरंभी आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने सोडवले. त्याआधी हे गृहस्थ अननसाच्या स्वादातील द्रव्ये शोधत होते. मोटारींतून येणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुरके बनते, असे त्यांनी दाखवले. मग मोटारीतून हायड्रोकार्बन नेमके कुठून येतात याची मोजदाद सुरू झाली. दशकाच्या अखेरीस असे आढळले की सगळे काही सायलेन्सरमधून येत नाही. सुमारे पाचवा हिस्सा क्रँककेसच्या मोकळ्या नळीतून येतो. उपाय स्वस्त होता. ती नळी हवेत न सोडता इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या मार्गालाच परत जोडायची, म्हणजे निसटलेला वायू पुन्हा सिलिंडरमध्ये जाऊन जळतो. कॅलिफोर्नियाने १९६१ मध्ये हे बंधन ठरवले आणि १९६३ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या अमेरिकी मोटारींना ते लागू झाले. जगातील वाहनप्रदूषण-नियंत्रणाची पहिली सक्तीची योजना ही अशी एका नळीची योजना होती. अमेरिकेतील नव्या मोटारसायकलींवर हे बंधन यायला १९८० चे मॉडेल उजाडावे लागले.

आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने वाहनाच्या बांधणीबाबतचे नियम राज्यांवर सोपवले होते. १९८१ चा हवाप्रदूषण कायदा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आल्यावर वातावरण बदलले. १९८८ च्या नव्या मोटार वाहन कायद्याने कलम ११० खाली हा अधिकार केंद्राकडे घेतला. हे कलम मुळातून वाचण्यासारखे आहे. ज्या गोष्टी बाहेर पडण्याबाबत केंद्राने नियम करावेत त्यांत धूर आहे, दिसणारी वाफ आहे, ठिणग्या आणि राख आहे, आणि शेवटी तेलही आहे. मसुदा करणाऱ्याच्या मनात वाहन हे नखशिखांत एक धूर सोडणारे यंत्र होते; त्याने फक्त सायलेन्सरचा विचार केला नव्हता. माझ्या त्या तरुणाच्या गाडीखालचा डाग या कलमात बसत होता. नजर अरुंद झाली ती पुढे, नियम करताना.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११५ ने पहिले मोजमाप दिले : इंजिन निवांत फिरत असताना दुचाकी-तिचाकीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांहून अधिक नसावा. १९९१ मध्ये नव्या वाहनांसाठी प्रतिकिलोमीटर उत्सर्जनाची मर्यादा आली. दुचाकीसाठी ती वजनानुसार १२ ते ३० ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड आणि ८ ते १२ ग्रॅम हायड्रोकार्बन इतकी सैल होती. १९९६ मध्ये ती साडेचार ग्रॅम कार्बन मोनॉक्साइडवर आली, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे मिळून ३.६ ग्रॅम, आणि २००० मध्ये दोन्हींची मर्यादा प्रत्येकी दोन ग्रॅम झाली. दशकभरात एवढी घट घडवून आणणे ही लहान गोष्ट नव्हती. त्या काळी उद्योग भवनातल्या बैठकांमध्ये "हे भारतात शक्य नाही" हे वाक्य किती वेळा उच्चारले गेले असेल याची कल्पना शासकीय नोकरीत दिवस काढलेल्यांना करता येईल.

या सगळ्या काळात ब्रीदरचा प्रश्न कोणालाही सतावला नाही, आणि त्याला एक यांत्रिक कारण होते. आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक स्कूटर, मोपेड आणि रिक्षा दोन-स्ट्रोक होत्या. त्या इंजिनात पेट्रोल, हवा आणि तेल यांचे मिश्रण क्रँककेसमधूनच वर जाते. तिथे श्वासनळीच नसते. तिथला दोष वेगळा. ताजे मिश्रण आत येताना त्याचा बराच भाग न जळता थेट सायलेन्सरमधून निघून जातो आणि सोबत तेलही जळते. निळा धूर हे त्या युगाचे निशाण होते. १९८५ ते १९९६ या काळात तयार झालेली यामाहाची आरएक्स १०० अजूनही तरुणांच्या गप्पांत असते. ती गेली ती वाढत्या मानकांपुढे.

दोन-स्ट्रोकच्या काळातला एक प्रसंग प्रशासनाच्या दृष्टीने मला फार मोलाचा वाटतो. दिल्लीत रिक्षा आणि स्कूटर चालवणारे पेट्रोल पंपावर सुटे तेल घेऊन अंदाजाने टाकीत ओतत. इंजिन जळू नये या भीतीने ते हमखास जास्त ओतले जाई आणि स्वस्त म्हणून वाटेल ते वंगणही चाले. सर्वोच्च न्यायालयात एम. सी. मेहता यांच्या १९८५ च्या याचिकेवर सुनावण्या चालू होत्या. १९९८ मध्ये भुरेलाल यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याच वर्षी दिल्लीत सुटे तेल विकणे बंद करून पंपावरच ठरलेल्या प्रमाणात तेल मिसळून देण्याची व्यवस्था झाली. लाखो चालकांवर पाळत ठेवण्याऐवजी काही शे पंपांवरची यंत्रे बदलली. चालकाला शिक्षा नाही, दंड नाही, प्रवचन नाही. चुकीचे करण्याची सोयच उरली नाही. रस्त्यावर आलेल्या गाडीपर्यंत शासन पोहोचल्याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

बाकी सगळी शक्ती आपण कारखान्याच्या फाटकावर खर्च केली. तिथे मात्र खरोखर कसून काम झाले, हे नोंदवले पाहिजे. पुण्याच्या वेताळ टेकडीवरील एआरएआय ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था या कामाचा कणा आहे. आपल्या शहरांतील रहदारीचा अभ्यास करून तिथे एक भारतीय चालन-चक्र बसवले गेले : १०८ सेकंदांचे, कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर, सरासरी सुमारे २२. हे चक्र ओळीने सहा वेळा रोलरवर चालवून निघणारा धूर पिशव्यांत भरायचा आणि मोजायचा. नवे मॉडेल या कसोटीला उतरल्याशिवाय नियम १२६ प्रमाणे बाजारात येऊ शकत नाही. लक्ष्मी रोडवरून सहा वाजता स्कूटर हाकणाऱ्याला तो ४२ चा आकडा उदार वाटला असता, पण ते असो. पुढे २००२ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने इंधन आणि वाहन यांची मानके एकत्र बांधणारा कार्यक्रम दिला. वापरातल्या वाहनांची तपासणी सुधारली पाहिजे असेही त्या समितीने सांगितले होते. अहवालाचा पहिला भाग वेळापत्रकानुसार अमलात येत गेला, दुसरा मागे राहिला.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली तेव्हापासून चार-स्ट्रोक मोटारसायकल हळूहळू पसरत गेली आणि २००० नंतर तिनेच रस्ता व्यापला. तिच्याबरोबर श्वासनळी परत आली, पण आता ती हवेत सोडलेली नव्हती. ती एअर फिल्टरच्या पेटीला जोडलेली होती. धूर कमी करण्यासाठी आणखी एक झडप आली. तिच्यातून ताजी हवा एक्झॉस्टच्या तापलेल्या तोंडाशी शिरते आणि उरलेसुरले इंधन तिथेच जळते. सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. बुलेटनेही २००९ पासून नवे, एकसंध बांधणीचे इंजिन घेतले आणि थोड्याच काळात लोखंडी सिलिंडरचे जुने इंजिन भारतीय बाजारातून गेले.

कारखान्याने जे जोडले ते गॅरेजने सोडवायला सुरुवात केली. हे लोक खलनायक नाहीत. त्यांची बाजू ऐकली तर ती समजण्यासारखी असते. रिंगा झिजल्या, किंवा तेल प्रमाणापेक्षा जास्त भरले गेले, की ब्रीदरमधून येणारे तेल एअर फिल्टरच्या पेटीत साचते. फिल्टर चिंब होतो, गाडी धापा टाकते. थंडीत आणि जवळच्या फेऱ्यांत तेल आणि पाणी मिळून पांढरट, रबडीसारखा चिकटा नळीत जमतो. पेटीच्या तळाशी तो काढून टाकण्यासाठी एक छोटी बंद नळी दिलेली असते. ती मधूनमधून मोकळी करावी असे गाडीसोबतच्या पुस्तिकेत छापलेले असते. पण ती पुस्तिका डिकीतून बाहेर येते ती गाडी विकताना. रिंगा बदलायच्या तर हजारो रुपये आणि दोन दिवस. ब्रीदरची नळी पेटीतून उपटून बाहेर सोडायची आणि पेटीचे भोक बुचाने बंद करायचे तर दहा मिनिटे. मिस्त्री काय सुचवणार? हवेची झडप बंद करायला एक पत्र्याची चकती पुरते, आणि ॲक्सिलरेटर सोडताना सायलेन्सरमधून येणारे फटाके त्याने थांबतात म्हणून मालक खूश. कन्व्हर्टर असलेला सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा बसवणे हा मात्र शुद्ध हौसेचा मामला. त्याची बाजू मी घेणार नाही.

या फेरफाराला कायदा काय म्हणतो? कलम ५२ आहे. २००० च्या दुरुस्तीनंतर त्याचा आशय असा : नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळे होतील असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या परिवहन अधिकाऱ्यांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा कडक अर्थ लावला आणि राज्याचे नियम या कलमाच्या वर जाऊ शकत नाहीत असे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने बेकायदा फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, असे कलम १८२अ आणले. प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास कलम १९० खालचा दंड हजारावरून दहा हजारांपर्यंत नेला. शब्द जबर आहेत. पण नोंदणी प्रमाणपत्र हातात घेऊन पाहावे. त्यात रंग आहे, इंजिन क्रमांक आहे, घनक्षमता आणि इंधन आहे. श्वासनळी कुठे जोडलेली असावी हे त्यात नाही, असण्याचे कारणही नाही. रस्त्यावरच्या निरीक्षकाने ती ओळखायची तर त्याला त्या मॉडेलचे मूळ रेखाचित्र माहीत हवे. आवाज मोठा असलेला सायलेन्सर कानाने पकडता येतो, म्हणून मोहिमा निघतात त्या सायलेन्सरच्या. चौकात रोडरोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. चिरडलेल्या ब्रीदर नळ्यांचे छायाचित्र कोणी पाहिले आहे?

उरते पीयूसी. २००४ मध्ये त्यात हायड्रोकार्बनचे मोजमाप आले. २००० नंतरच्या चार-स्ट्रोक दुचाकीसाठी मर्यादा दहा लाखांत ४५०० भाग. सुधारणा झाली, पण नळी घालायची ती सायलेन्सरमध्येच, आणि इंजिन निवांत फिरत असतानाच. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये विम्याचे नूतनीकरण पीयूसीशी जोडले, तेव्हा केंद्रांवरच्या रांगा वाढल्या. पण प्रमाणपत्र नसलेली वाहने विम्याविना धावू लागली आणि अपघातग्रस्तांच्या भरपाईचा प्रश्न उभा राहिला, म्हणून २०२४ मध्ये ती अट काढली गेली. खासगी दुचाकीला पहिली पंधरा वर्षे या तपासणीखेरीज दुसरी कोणतीही तपासणी नाही. दर चार नोंदणीकृत वाहनांपैकी जवळजवळ तीन दुचाकी असलेल्या देशात याचा अर्थ काय होतो ते वाचकांनी पाहावे.

फाटकावरची शिस्त मात्र वाढतच गेली. २९ मार्च २०१७ रोजी न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ वाहनांची विक्री बंद केली तेव्हा देशात अशी सुमारे सव्वाआठ लाख वाहने पडून होती, त्यांत पावणेसात लाखांच्या आसपास दुचाकी. दोन दिवस दुकानांपुढे सवलतीसाठी झुंबड उडाली. बीएस-४ मध्ये टाकीतून उडून जाणाऱ्या पेट्रोलच्या वाफेवर मर्यादा आली. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मध्ये क्रँककेसमधून हवेत काहीही जाऊ नये याची स्वतंत्र चाचणी आहे आणि गाडीतच दोष सांगणारी यंत्रणा आहे. म्हणजे कॅलिफोर्नियाने १९६१ मध्ये ठरवलेली गोष्ट आपल्या मोटारसायकलीच्या मान्यता-चाचणीत पूर्ण रूपाने आली. ती यंत्रणा इंधन आणि हवेच्या प्रमाणातला बिघाड टिपते. नीट बूच लावून बाहेर सोडलेली नळी तिला दिसेलच असे नाही.

आता त्या तरुणाकडे परत येतो. त्याच्यावर कोणत्या कलमाखाली काय करायचे हे मला त्या क्षणी ठरवता येईना. निरीक्षकाने शेरा लिहायचा म्हटले तर पीयूसीच्या नमुन्यात तसा रकानाच नव्हता. शेवटी शेजारच्या गॅरेजमधून मिस्त्रीला बोलावले, एअर फिल्टरच्या पेटीचे बूच काढून नळी मूळ जागी बसवली आणि वर एक क्लिप आवळली. तरुणाला रिंगा तपासून घे म्हणून सांगितले. त्याने मान डोलावली, पण त्याची नजर घड्याळाकडे होती. मग कुतूहल म्हणून केंद्रचालकाला पुन्हा एकदा मोजणी करायला लावली. झिजलेल्या रिंगांमधून आलेला वायू आता सिलिंडरमध्ये परत जात होता, आणि यंत्रावरचा हायड्रोकार्बनचा आकडा पहिल्यापेक्षा थोडा वर गेला होता. चालक माझ्याकडे पाहत राहिला. दोन्ही आकडे मर्यादेच्या आत होते, म्हणून पहिलेच प्रमाणपत्र कायम ठेवले.

दोन महिन्यांनी नमुन्यात एक रकाना वाढवण्याविषयीचे टिपण मी वर पाठवले. त्यानंतर माझी बदली झाली.